दोनच सीटची गाडी

कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली होती. तेवढ्यात मागच्या सीटवर बसलेली प्रियदर्शनी पुढं वाकली, तिनं प्रसेनजीतच्या शेजारच्या सीटचा पट्टा ओढून घेतला आणि खटकन लावून टाकला. झालं ते एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर तो म्हणेल, मग त्यात काय एवढं? विहारापाशी बायकोला गाडीत घेताना तिला बसायला जागा करावी म्हणून प्रसेनजीतनं मागच्या सीटवर पडलेलं ओतीव लोखंडाचं एक कास्टिंग उचलून पुढच्या सीटवर ठेवलं होतं. गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं, आत हवेचं भोक राहिलेलं, चांगलं जड धूड. सीटवर वजन पडलं की गाडीला वाटतं माणूस बसलं, आणि माणसानं पट्टा लावला नाही म्हणून ती टूं टूं करत डोकं उठवते. सिग्नलला थांबलो की कास्टिंग खाली पायाशी ठेवू, असं त्याच्या मनात होतंच. त्याच्या आधी प्रियदर्शनीनं पट्टा लावला, आवाज बंद झाला आणि ती पुन्हा मागं टेकून बाहेर बघायला लागली. प्रसेनजीतनं डावीकडं बघितलं. पट्टा वरून तिरका खाली आला होता, माणसाच्या छातीवरून येतो तसा, आणि मध्ये छाती नव्हती. सिग्नल सुटला. मागच्या केएमटी बसनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, शेजारून जाणारा रिक्षावाला 'ओ पावणं, झोपलासा काय?' म्हणून ओरडला, तरी प्रसेनजीतचा पाय क्लचवरून सुटेना.

ती सीट क्रांतीची. म्हणजे ह्या गाडीतली नव्हे; ही गाडी घरात आली तेव्हा त्यांची लेक जाऊन काही महिने झाले होते, आणि ह्या सीटवर ती कधीच बसलेली नव्हती. पण बसणारी तीन माणसं आणि एक गाडी असली की कोण कुठं बसणार हे कुणी न ठरवता ठरून जातं, आणि एकदा ठरलं की ते मोडणं कुणाच्या बापाला जमत नाही. पहिली गाडी आली, जुनीच, पांढरी, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी, तेव्हा क्रांती बालवाडीत होती. पुढंच बसणार म्हणून तिनं भर रस्त्यात बसकण मारली होती. 'बसू दे तिला, उगंच तमाशा नगो,' म्हणून प्रियदर्शनी मागं गेली ती गेलीच. बापलेकीचा गिअरचा खेळ तेव्हापासूनचा. प्रसेनजीतनं क्लच दाबायचा आणि म्हणायचं, 'दुसरा.' मग तिनं दोन्ही हातांनी दांडा ओढायचा. 'तिसरा.' दात-ओठ खाऊन पुढं ढकलायचा. पुढं ती इंजिनिअरिंगला गेली तरी खेळ मोडला नाही. मोबाइलमधलं डोकं वर न काढता तिचा उजवा हात बरोबर दांड्यावर यायचा, कारण इंजिनच्या आवाजावरून तिला कळायचं की आता गाडी तिसरा मागते आहे. प्रसेनजीतच्या कारखान्यात लेथवर येणाऱ्या पोरांना असा कान तयार व्हायला वर्षं जातात, आणि हिला तो फुकटात मिळाला होता. मागून प्रियदर्शनी म्हणायची, 'एक दिवस दोघं मिळून मला उसाच्या ट्रॉलीखाली घालणार.' मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तापाचं निमित्त झालं. आठवडाभरात सगळं संपलं. पांढरी गाडी त्यानं विकून टाकली. काही काळ दोघं रिक्षानं, बसनं फिरली. मग ही नवी गाडी आली, शोरूममध्ये हार घातला, पेढे वाटले, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला, आणि सगळं झाल्यावर प्रियदर्शनी मागचं दार उघडून आत बसली. त्यात काही वावगं आहे असं प्रसेनजीतला वाटलं नाही. तो पुढं बसून गाडी चालवत घरी आला आणि तेव्हापासून तसाच चालवत होता.

आता मात्र त्याला दुसरं काही सुचेना. शिरोलीच्या त्याच्या शेडमध्ये मशीन चालू असायची, लोखंडाच्या चिप्स उडत असायच्या, पांढरं कूलंट लोखंडावरून वाहत असायचं आणि प्रसेनजीतला तो पट्टा दिसायचा. लेक गेल्यापासूनची आठ वर्षं बायकोनं ती जागा राखून ठेवली आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि एकदा मनानं घेतलं की जुन्या सगळ्या गोष्टी येऊन त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला लागतात. सांगलीच्या लग्नाला जाताना त्याचा चुलतभाऊ पुढं बसायला लागला तेव्हा तिनं त्याला 'मागच्या जीपमध्ये बसा की भावजी, मोकळी जागा हाय' म्हणून तिकडं धाडलं होतं. बाजारातनं येताना पिशव्या मांडीवर घेऊन बसायची, पण पुढच्या सीटवर ठेवायची नाही. नवल म्हणजे बाई रडली म्हणून नव्हती. लेकीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात वस्तीतल्या बायका ओक्साबोक्शी रडत होत्या आणि ही पांढऱ्या साडीत ताठ बसून सगळ्यांना त्रिशरण-पंचशील सांगत होती. आवाज कुठं कापला नाही. भंतेजींनीसुद्धा जाताना तिच्यापुढं हात जोडले. तेव्हापासून वस्तीत कुणाच्या घरी असं काही झालं की पहिलं बोलावणं प्रियदर्शनीताईंना. ती जायची, त्या आईचा हात हातात घ्यायची, सगळं अनित्य आहे म्हणून समजवायची. लोक म्हणायचे, ताईंकडं बघा, तरणीताठी लेक गेली, पण बाई धीराची. प्रसेनजीत हे ऐकायचा आणि मान हलवायचा. तो स्वतःही रडला नव्हता. बायको रडत नाही म्हटल्यावर बाप्यानं कुठल्या तोंडानं रडायचं? तो कारखान्यात गेला, दुसरी पाळी सुरू केली, आणखी एक मशीन आणलं.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, बायकोला नुसतं म्हण की, पुढं येऊन बस. पण लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसांना विचारा. अवघड बोलणं एकवेळ जमतं, साधं बोलणं घशातून वर येत नाही. तो म्हणाला असता आणि ती 'नको' म्हणाली असती, तर मग त्याला कायमचं कळलं असतं की आपल्या शेजारी मेलेली लेक बसेल, जिवंत बायको बसणार नाही. हे कळून घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्याला बायको शेजारी हवी होती. स्कूटर होती तेव्हा ती मागंच बसायची, पण तेव्हा तिचा हात त्याच्या खांद्यावर असायचा, आणि रंकाळ्याच्या वाऱ्यात दोघं ओरडून बोलायची. तो खांदा स्कूटर गेल्यापासून मोकळा पडला होता आणि तो त्याला दुखायला लागला होता, खरोखरच दुखायला लागला होता, डॉक्टरांनी गोळ्यासुद्धा दिल्या होत्या. एका दुपारी लेथच्या चकमध्ये जॉब बांधता बांधता त्याला उपाय सुचला, आणि मशीनवर काम करणाऱ्या माणसाला सुचावा तसा तो सरळ होता. ज्या गाडीत दोनच सीट असतील त्या गाडीत मोकळी सीट राहीलच कशी? एक त्याची, एक तिची. मागं काही नाही. आणि वर टपही नको. बंद गाडीत गप्पपणा कोंडून राहतो, उघड्या गाडीत वाऱ्यानं तो उडून तरी जाईल, असं त्याला वाटलं.

उद्यमनगरात जुन्या गाड्यांची देवघेव करणारा उदयसिंह हा त्याचा आयटीआयपासूनचा मित्र. त्यानं ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

'टप नसलेली? दोन सीटची? भावा, बरा हायस न्हवं? ह्या वयात लोक गुडघ्याला लावायचं तेल बघत्यात आणि तू स्पोर्ट्स कार बघायलायस!'

'परवडंल अशी बघ. एका जुन्या लेथच्या पैशात बसंल अशी.'

'कोण बाई-बिई न्हाय न्हवं?'

'हाय की. घरातलीच.'

उदयसिंह एवढ्या मोठ्यानं हसला की पलीकडचा वेल्डिंगवाला चष्मा वर करून बघायला लागला. 'मग एवढा खर्च कशाला करतोस? रिक्षात घालून रंकाळ्यावर ने, भेळ चार, काम झालं.' पण हसून झाल्यावर त्यानं प्रसेनजीतच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. कोल्हापूरचा माणूस तोंडानं फाटका असतो, पण मित्राचं तोंड त्याला वाचता येतं. 'नाद करायचा तर पुरा करू,' एवढंच म्हणून तो फोन लावायला बसला.

पहिली गाडी त्याच्याच ओळखीतली निघाली. साध्या छोट्या गाडीचं टप कापून कुणीतरी वरातीसाठी बनवलेली. लाल रंग, चारी बाजूनं क्रोमच्या पट्ट्या, नवरा-नवरीला बसायला दोन गुबगुबीत खुर्च्या. प्रसेनजीतनं तिच्या पुढच्या चाकाला जॅक लावायला सांगितला आणि दार उघडायला गेला तर ते अडकलं. टप कापलं की गाडीची कंबरच जाते, एका बाजूनं उचलली की ती मधनं वाकते. कागदपत्रांच्या नावानं तर बोंबच होती. पण हे सगळं बघायच्या आधीच त्यानं मागची फळी बघितली होती.

'मागं जागा हाय,' तो म्हणाला.

'ती स्पीकर ठेवायची हाय रं.'

'माणूस बसंल तिथं.'

'त्या फळीवर कोण बसाय लागलंय खुळ्या?' उदयसिंह म्हणाला. प्रसेनजीतनं जॅक उतरवायला सांगितला.

दुसरी ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात उभी होती. जर्मन, करड्या रंगाची, टप पत्र्याचंच, पण बटण दाबलं की ते आपलं आपण उठायचं, मोडायचं, घडी होऊन डिकीत जाऊन झोपायचं. मालकानं ते तीनदा करून दाखवलं. प्रसेनजीत त्या बिजागऱ्यांकडं बघत राहिला. असलं काम ज्यानं केलं त्याला भेटावं असं त्याला वाटलं. किंमतही त्याच्या आवाक्यात आलेली होती, कारण असल्या गाडीचं दुखणं निघालं की घरदार विकावं लागतं हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. 'हत्ती फुकट मिळतोय, पण वैरण कोण घालणार?' उदयसिंह त्याच्या कानात कुजबुजला. तेही एकवेळ सोसलं असतं. पण प्रसेनजीत आत बसला आणि त्यानं शेजारी हात टाकून बघितला. दोन सीटच्या मध्ये केवढा तरी उंच कठडा होता, बटणं, कप ठेवायच्या खाचा, कप्पे. शेजारी बसलेलं माणूस शेजारच्या गल्लीत बसल्यासारखं. इथं बसून प्रियदर्शनी हरवून जाईल, असं त्याला वाटलं. तो उतरला आणि मालकाला म्हणाला की गाडी फार खाली आहे, आमच्या शिरोलीच्या रस्त्याला टेकंल.

तिसरी आजऱ्यात होती. बरीच वर्षं मागं गोव्याकडं बनायची ती छोटी, फायबरच्या अंगाची, कापडी टपाची गाडी. गणपतराव म्हणून काजूचे व्यापारी, त्यांच्या कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली. उदयसिंहानं फोटो पाठवले. प्रसेनजीतनं ते मोठे करून करून बघितले. दोन सीट चिकटून होत्या, मध्ये फक्त गिअरचा दांडा आणि हँडब्रेक. मागं सीट सोडा, पिशवी ठेवायलाही जागा नव्हती. ह्याच गाडीवर त्याचा जीव बसला. रविवारी सकाळी तो प्रियदर्शनीला म्हणाला, 'आजऱ्याला एक गाडी बघायची हाय. तू बी चल.'

'दोन-दोन गाड्या काय करायच्यात?'

'बघून तर येऊ.'

ती आवरून आली आणि मागचं दार उघडून बसली, नेहमीसारखी, बरोबर त्याच्या सीटमागं. रस्त्यात बोलणं असं झालं नाही. मुदाळच्या तिठ्याला चहा घेऊया का म्हणून त्यानं विचारलं, ती नको म्हणाली. तो पुढच्या रस्त्याकडं बघत होता आणि मनातल्या मनात परत येतानाचा रस्ता बघत होता: ती शेजारी असेल, पदर वाऱ्यावर उडत असेल, तो काहीतरी बोलेल आणि तिला ऐकू येणार नाही, मग ती त्याच्याकडं कलून 'काय?' म्हणेल. हे 'काय?' ऐकायला तो एवढा अधीर झाला होता की एका वळणावर गाडी जरा जोरातच गेली. गारगोटीच्या पुढं मागून नाक ओढल्याचा आवाज आला. तिला एसी सोसत नाही, गाडीत बसलं की तिला सर्दी होते, हे त्याला कित्येक वर्षं ठाऊक होतं. त्यानं न विचारता एसी कमी केला.

गणपतरावांच्या कारखान्यात भाजलेल्या काजूच्या टरफलाचा उग्र वास भरून राहिला होता. ओळीनं बसलेल्या बायका काजू फोडत होत्या. त्यांनी हात न थांबवता पाहुण्यांकडं बघून घेतलं. ताडपत्री काढली तशी गाडी दिसली, पिवळी, फोटोतल्यापेक्षाही लहान. मागची प्लास्टिकची काच जुनी होऊन धुरकट झाली होती, टपाची शिवण दोन जागी उसवली होती, पण इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. प्रसेनजीतनं कान लावला. टॅपेटचा जरासा आवाज होता, बाकी काही नाही. स्टीअरिंगला ढिलाई नव्हती. गणपतराव प्रेमानं बॉनेटवरून हात फिरवत होते.

'लग्न झाल्याबरोबर घेतलती. दोन वर्सं आमी दोघं नुसतं फिरलो, आंबोली म्हणू नगा, गोवा म्हणू नगा. मग पोरगा झाला आणि बसायला जागा उरली न्हाय. ईकाय मन हुईना. आता तुमची बी पोरंबाळं मार्गी लागली असतील, म्हणून बघताय व्हय?'

'व्हय,' प्रसेनजीत म्हणाला.

प्रियदर्शनी काजू फोडणाऱ्या बायकांकडं बघत उभी होती. तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही.

'जावा, चक्कर मारून या. वैनी, बसा की तुमी बी.'

तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मागं जाऊन थांबली. 'मी कुठं बसू?'

'हितं,' तो म्हणाला. 'माझ्या शेजारी.'

गाडी खाली होती, तिला गुडघा वाकवून, काचेच्या कडेला धरून, साडी सावरत आत बसावं लागलं. तो तिच्यासाठी उतरून दार धरून उभा राहिला. असं त्यानं लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं. मग ती दोघं निघाली. गाव मागं पडलं, आंबोलीच्या बाजूचा रस्ता लागला, दोन्हीकडं भाताची खाचरं, वर उघडं आभाळ. प्रसेनजीतनं डावीकडं बघितलं आणि त्याला बायको दिसली. कितीतरी वर्षांत त्यानं तिला ह्या बाजूनं बघितलं नव्हतं. कानामागचे केस पार पांढरे झाले होते. कानाच्या पाळीचं भोक लांबून खाली आलं होतं. हनुवटीखाली एक तीळ होता, तो पूर्वीपासून होता की नवीन, त्याला आठवेना. त्याचं मन भरून आलं. हे एवढं सोपं होतं आणि आपण एवढी वर्षं का घालवली, असं त्याला झालं. उघडी गाडी बघून रस्त्यानं जाणाऱ्या पोरी थांबल्या आणि हात हलवायला लागल्या. खाचरातल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. समोरून एसटी आली, तिच्या सगळ्या खिडक्यांतून लोक वाकून खाली बघत गेले. प्रियदर्शनीनं पदर डोक्यावरून घेऊन घट्ट धरला होता आणि ती ताठ बसली होती. चढ आला, इंजिनचा आवाज जड झाला, प्रसेनजीतनं क्लच दाबला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, 'दुसरा.'

दांड्यावर कुणाचा हात आला नाही. तो एक क्षण तसाच थांबला, मग त्यानं स्वतः गिअर टाकला. बाजूला बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

'गाडी थांबवा,' प्रियदर्शनी म्हणाली.

त्यानं ओढ्यावरच्या एका मोरीजवळ गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. 'काय झालं? वारं लागलं?'

'न्हाय. ही गाडी नगो घ्यायला.'

'का गं? गुडघा दुखला?'

'हितं मला रडाय येत न्हाय.'

डबा घरी राहिला म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली.  ती समोर बघत होती.

'घरात तुमच्या आई होत्या तवर त्यांच्यासमोर न्हाय. त्या गेल्यावर रोज कोण ना कोण येऊन बसलेलं. विहारात तर मीच सगळ्यांना सांगणार, बायांनो रडू नगा. मग माझं मी कुठं करायचं? गाडीत मागं बसलं की येतंय. तुमी रस्त्याकडं बघत असतासा. तुमच्या पाठीमागं बसलं की आरशात बी दिसत न्हाय. गाव येईपातूर जेवढं होतंय तेवढं करायचं, उतरायच्या आत तोंड पुसायचं. तेवढीच माझी एक जागा हाय. सकाळी गाडीत बसायचं म्हटलं की कधी कधी बरं वाटतंय मला. हितं तर वर टप बी न्हाय. सगळा मुलूख तोंडाकडं बघतोय.'

'मला वाटलं,' प्रसेनजीत म्हणाला. 'मला वाटलं, तू तिची जागा धरून ठेवलीस.'

'जागा धरून ठेवली म्हणून ती येणार हाय व्हय?'

'त्या दिवशी पट्टा लावलास की. मोकळ्या सीटचा.'

'कवा?' तिनं आठवून बघितलं. तिला खरंच आठवत नव्हतं. 'वाजत असंल, म्हणून लावला असंल.'

मोरीखालून पाणी वाहत होतं. प्रसेनजीतला सांगलीचं लग्न आठवलं, खांद्यासाठी मारलेल्या दवाखान्याच्या फेऱ्या आठवल्या, परवाची बाजाराची खेप आठवली. आज सकाळचा गारगोटीचा रस्ता आठवला. त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर हे चाललं होतं आणि तो आरशात फक्त ट्रक आणि ट्रॅक्टर बघत आला होता. त्याला तिची दया यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला हेवा वाटला. तिला निदान एक जागा होती. त्याच्याजवळ दोन पाळ्या आणि तीन मशीन होती, आणि रडावं अशी एक वीतही जागा नव्हती. मग त्याला एकाकी वाटलं, फार एकाकी वाटलं, की लेक दोघांची होती आणि हिनं तिच्यासाठीचं रडणंसुद्धा एकटीनं उरकून घेतलं. हे तिला सांगावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली आणि वरचा माणूस म्हणाला, 'काय पावणं, बंद पडली व्हय?' प्रियदर्शनीनं चटकन तोंडावर हसू आणलं. ते हसू त्यानं शेजारून, इतक्या जवळून बघितलं आणि त्याला कळलं की हे असं आठ वर्षं चाललं आहे. त्यानं गाडी वळवली.

शेडच्या दारात गणपतराव वाट बघत होते. 'काय म्हणतीया आमची म्हातारी?'

'गाडी फस्टक्लास हाय,' प्रसेनजीत म्हणाला. 'पण आमाला मागं सीट पायजे.'

'मागं? तुमी तर दोघंच की!'

'व्हय. दोघंच हाय.'

गणपतरावांना हे काही उमगलं नाही, पण माणूस भला. चहा पिऊन जावा म्हणाले, फोडलेल्या काजूची एक पिशवी बळंच हातात दिली आणि ताडपत्री घालायला आत गेले. प्रसेनजीतनं आपली गाडी फाटकाबाहेर फणसाच्या सावलीत उभी केली होती. प्रियदर्शनी पुढं गेली, मागचं दार उघडून आत बसली, नेहमीच्या जागी, आणि पिशवी मांडीवर घेतली. तो पुढच्या दारापाशी आला. दार उघडलं. स्टीअरिंगकडं बघितलं. मग ते दार लावून त्यानं मागचं दार उघडलं.

'काय राहिलं काय?' तिनं विचारलं.

'सरक जरा.'

तिनं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस काय म्हणतो आहे हे तिला लगेच समजलं नाही, आणि समजलं तेव्हा तिनं आधी फाटकाकडं नजर टाकली. कुणी नव्हतं. ती सरकली. तो तिच्या जागी बसला. ती सीट गरम होती. त्यानं दार ओढून घेतलं, काच वर केली, आणि बाहेरचे सगळे आवाज बंद झाले. आता इथं रडायचं, पण ते सुरू कसं करायचं हे त्याला माहीत नव्हतं. एवढ्या वयाचा माणूस, तीन मशीनचा मालक, त्याला लाज वाटली. तरी त्यानं विचारलं.

'कसं करायचं असतंय गं?'

प्रियदर्शनीनं पिशवी खाली पायाशी ठेवली.

'काय करायचं नसतंय,' ती म्हणाली. 'गप बसा नुसतं.'

तो गप बसला.